गुरुवारची सुई

कुंडलिक डॉक्टर नव्हता, हे निरवांगीपासून इंदापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कुंडलिकला ते कुणी सांगितलं नव्हतं. बारामतीत एका डॉक्टरांकडं तो सात वर्षं कंपाउंडर होता. पुड्या बांधता बांधता त्यानं डॉक्टरांचं घसा खाकरणं उचललं, चष्म्यावरून बघणं उचललं आणि रोग्याचं बोलणं अर्ध्यात तोडणं उचललं. उरलेली डॉक्टरकी त्याला फारशी लागणार नाही असं वाटलं असावं. एक दिवस त्यानं लुना घेतली, हँडलला चामड्याची बॅग अडकवली, खिशात स्टेथोस्कोप दिसेल असा कोंबला, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक त्याला “या डाक्टर” म्हणायला लागले. आपल्याकडं एवढंच लागतं.

दर गुरुवारी दहाच्या सुमारास ही लुना पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेल न्यू मैत्रीच्या मागं येऊन फटफटत थांबायची. पुढं हॉटेलात ट्रकवाले जेवायचे. मागं पत्र्याच्या सात खोल्या होत्या आणि सात खोल्यांत सात बाया. गावातली माणसं त्यांना ‘मागल्या’ म्हणायची. म्हणणाऱ्यांतले निम्मे कधी ना कधी मागच्या दारानंच यायचे, पण बोलताना तोंड असं करायचे की जणू चुकून कारलं चावलं.

झुंबर या सातांत थोरली. चाळिशी ओलांडलेली, रुंद हाडाची, पान खाऊन ओठ कायम लाल. माणूस बघितला की एक भुवई वर जायची आणि मग तो माणूस कितीही मोठा असो, खाली यायची ती फक्त कंटाळून. बाकीच्या तिला झुंबरअक्का म्हणत. कुंडलिक झुंबरबाई म्हणे. ती त्याला डाक्टर म्हणे, पण असं म्हणे की तो दर वेळी शर्टाची बटणं चाचपून बघायचा.

मूळची ती मोरगावच्या पलीकडच्या कोरड्या वाडीतली. बाजरी, शेरडं आणि दिवसातून दोनदा येणारी एसटी, यांतलं जे आधी दिसेल त्याच्याकडं बघत दिवस काढायचा. लग्न कन्हेरीत झालं. पुण्याहून एका समाजसेवी संस्थेच्या बाया खोल्यांवर जीपमधून यायच्या आणि मान तिरकी करून विचारायच्या, “तुम्ही या व्यवसायात कशा आलात, ताई? अगदी मोकळेपणानं सांगा हं.” मग झुंबर समोरचीचा चेहरा बघून गोष्ट काढायची. चष्मेवालीला दारुडा नवरा. खादीवालीला सावत्र आई. एक तरुण पोरगी वही घेऊन आली होती, तिला तिनं दुष्काळ दिला, कारण पोरीला दुष्काळच हवा होता. पोरीचे डोळे भरून आले. झुंबरनं तिला पाणी दिलं आणि ती गेल्यावर तिच्यासारखी मान तिरकी करून सगळ्यांना “मोकळेपणानं हं, अगदी मोकळेपणानं” करून दाखवलं. दगडाबाई हसता हसता खाटेवरून पडली.

खरी गोष्ट फार बारकी होती. नवरा ट्रकवर क्लिनर होता, तो एका फेरीहून परत आलाच नाही. दिरानं घरात ठेवून घेतलं, पण ज्या अटीवर ठेवलं ती झुंबरला पटली नाही. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. कन्हेरीत तो दीर आता भजनी मंडळाचा अध्यक्ष होता.

दगडाबाईचं म्हणाल तर ती इथं आल्यावर मोनाली झाली होती. टीव्हीवर कुठंतरी ऐकलं आणि घेतलं. ट्रकवाले मोनाली म्हणायचे, बाया दगडे म्हणायच्या, आणि ती दोन्हीला सारख्याच नखऱ्यानं वळून बघायची.

या सात बायांना गुरुवारची सुई लागली ती त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास. त्याआधी एड्स नावाचं काही असतं हे ट्रकवाल्यांना माहीत नव्हतं. मग एसटी स्टँडवर भिंत रंगवली गेली. भिंतीवर एक बाई होती, तिच्या पदराआड सापळा होता आणि खाली लिहिलं होतं, सावधान. भिंतीवर बाप्या कुठंच नव्हता. झुंबर बाजाराला गेली की त्या भिंतीपुढं थांबून नीट बघायची. “सापळ्याला आजार दिला कुणी, त्ये बी काढायचं की,” ती एकदा रंगवणाऱ्यालाच म्हणाली. तो म्हणाला, “जागा संपली, मावशी.”

भिंतीमुळं ट्रकवाले भ्याले. भ्याले म्हणजे यायचे थांबले नाहीत, येताना तोंडं पाडून यायला लागले. काही जण निरोध वापरायला लागले, काही जण आणखी पुढच्या हॉटेलांकडं वळले. तेव्हा आप्पासाहेबांना विचार सुचला.

आप्पासाहेब न्यू मैत्रीचे मालक, कारखान्याचे सभासद, शाळेच्या समितीवर, देवळाच्या समितीवर. मागच्या खोल्याही त्यांच्याच, पण त्या बाबतीत ते ‘जागा दिली आहे’ असं म्हणत, धर्मशाळा बांधल्यासारखं. प्रत्येक वाक्यापुढं ‘म्हंजे कसं’ लावल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरूच होत नसे.

“म्हंजे कसं,” आप्पासाहेब कुंडलिकला म्हणाले, “गिऱ्हाईकाला गॅरंटी पायजेल. ट्रॅक्टरला बी गॅरंटी कार्ड असतंय.”

“मेडिकल सायन्स हेच म्हणतं,” कुंडलिक म्हणाला. ट्रॅक्टरबद्दल मेडिकल सायन्स काय म्हणतं हे त्याला कुणी विचारलं नाही.

मग बारामतीच्या एका छापखान्यातून गुलाबी कार्डं छापून आली. ‘सदर महिला निरोगी असून तिची दर आठवड्यास तपासणी व इंजेक्शन झालेले आहे.’ खाली तारखांचे रकाने आणि कुंडलिकची सही. सही अशी की मूळ डॉक्टरांनी बघितली असती तर त्यांना आपलीच वाटली असती. दर गुरुवारी सुई घ्यायची, रकान्यात सही घ्यायची. सुई नाही तर सही नाही, सही नाही तर खोली नाही. म्हंजे कसं, नियम म्हंजे नियम.

याचा परिणाम लगेच दिसला. जे निरोध वापरायला लागले होते त्यांनी सोडून दिलं. “कार्ड हाय न्हवं,” ते म्हणायचे, “मग ही भानगड कशाला?” कार्ड उताणं-पालथं करून बघायचे. त्यातले निम्मे निरक्षर होते, पण शिक्का ओळखायचे. शिकलेले तर त्याहून वरताण. एक मास्तर होता, तो कार्डावरचं शुद्धलेखन तपासायचा आणि समाधानानं मान हलवून निरोध खिशात परत ठेवायचा.

सुईचा थाट मोठा होता. खोल्यांपुढच्या बाभळीखाली खुर्ची मांडायची. स्टीलची डबी उघडायची. आत काचेची एकच सिरिंज आणि एकच सुई, ‘निरवांगीला घरी सकाळी उकळून आणलेली’. बाया एकामागं एक उभ्या राहायच्या. कुंडलिक छातीला स्टेथोस्कोप लावायचा, डोळे मिटायचा, मग “हार्ट नॉर्मल, पुढं” म्हणून दंडात सुई खुपसायचा. दोघींच्या मधे सुईवरून स्पिरिटचा बोळा फिरवायचा. बोळाही एकच.

रांगेला मान होता. जी खोल्यांवर आधी आली ती पुढं. हा नियम आप्पासाहेबांचा नव्हता, बायांचाच होता, आणि तो सगळ्यांत कडक पाळायची झुंबर. ती सर्वांत जुनी, म्हणून ती पहिली. पहिली म्हणजे पहिली. लग्नात वरमाईनं पुढं व्हावं तशी ती दंड उघडा करून पुढं व्हायची. तिच्यामागं चतुराबाई, मग आणखी एक, मग चौथी दगडाबाई. पाचवी सिंधुबाई, मागं दोघी नव्या.

एका हिवाळ्यात सिंधुबाईला एसटी गाठायची होती. तिची लेक आजीकडं करमाळ्याला होती, तिला बघायला जायचं होतं. ती म्हणाली, “अक्का, आजच्या दिस मला पुढं घ्या की. सुई घितली की पळते.”

“एसटी काय तुझ्या बापानं काढलीया?” झुंबर म्हणाली. “मानानं उभी ऱ्हा.”

सिंधुबाई मानानं उभी राहिली. एसटी चुकली.

त्याच हिवाळ्यात, कारखान्याचं गळीत जोरात चाललेलं असताना, दगडाबाईचे डोळे पिवळे झाले. कावीळ ट्रकवाल्यांकडून आली असेल, आणखी कुठून आली असेल, कुणी विचारलं नाही. ती एका गावठी वैद्याकडं गेली. त्यानं डोक्यावर मुळ्यांची माळ ठेवली. माळ दिवसादिवसानं लांबत गळ्यात आली, गळ्यातून छातीवर आली, म्हणजे कावीळ उतरली. दगडाबाई ती माळ मिरवत सगळीकडं फिरली. गुरुवारची सुई तिनं चुकवली नाही. कुंडलिकनं तिचे डोळे बघितले आणि “लिव्हर नॉर्मल” म्हणाला. लिव्हर कुठल्या बाजूला असतं हे तेव्हा त्याला विचारायला हवं होतं.

दगडाबाई बरी झाली. उन्हाळ्यात सिंधुबाईचे डोळे पिवळे झाले. मग शेवटच्या दोघींचे. त्या दोघी महिनाभर लोळून उठल्या. सिंधुबाई उठली नाही. माळ तिच्या डोक्यावरून खाली सरकायचं नावच घेईना. मग पोट फुगलं, मग ती भलतंच बोलायला लागली, आणि बारामतीला सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत आठ दिवस उशीर झालेला होता. लेकीला करमाळ्याहून आणलं, तेव्हा आई तिला ओळखत नव्हती.

आप्पासाहेब दहाव्याला आले. “म्हंजे कसं, ज्याचं त्याचं नशीब,” म्हणाले. कुंडलिक म्हणाला, “पेशंटनं पथ्य पाळलं न्हाय. मेडिकल सायन्स तितं काय करणार.” सिंधुबाईच्या खोलीत पंधरा दिवसांत दुसरी बाई आली आणि रांगेत सातवी उभी राहिली. बाकीच्या एकेक पाऊल पुढं सरकल्या.

श्रावणात पुण्याची जीप आली. या वेळी संस्थेच्या एका वहीवाल्या बाईंबरोबर रक्त काढणारा माणूस होता. बारामतीच्या सरकारी दवाखान्यातला लॅब टेक्निशियन, समाधान नावाचा. तिशीतला, बारीक, इस्त्रीचा शर्ट, बोलणं तोलूनमापून. बुद्धविहाराजवळचं घर, वडील शिक्षक, हे त्यानं दुसऱ्याच वाक्यात सांगितलं, कारण झुंबरनं पहिल्याच वाक्यात “कुठल्या गावचे?” विचारलं होतं. तो कन्हेरीचा निघाला. झुंबरनं पान तोंडात टाकलं आणि कन्हेरीबद्दल आणखी काही विचारलं नाही.

वहीवाल्या बाई म्हणाल्या, “तर आपण असं बघूया, की ही तपासणी पूर्णपणे ऐच्छिक आहे. नाव कुठंही येणार नाही. प्रत्येकीला नंबर असेल.”

“नंबर तर हितं बी हाय की,” झुंबर म्हणाली. “मी पहिली.”

समाधाननं पहिली कागदी पुडी फाडली. आतून प्लॅस्टिकची सिरिंज काढली. झुंबरच्या हाताची शीर शोधली, रक्त काढलं, सुई एका जाड डब्यात टाकली. मग चतुराबाईसाठी दुसरी पुडी फाडली. मग तिसरी. झुंबर दंडाला बोळा धरून बघत उभी राहिली. पाचवी पुडी फाडल्यावर तिला राहवेना.

“सायेब, परत्येकीला नवी?”

“हो, मावशी.”

“पैशाचा माज म्हणायचा का?”

समाधान हसला नाही. “एकीच्या रक्तात आजार असेल तर सुईला तो दिसत नाही. सुई तो पुढचीला नेऊन देते. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही इतकं रक्त पुरतं. ‘ब’ प्रकारची कावीळ अशीच जाते. एड्सचा विषाणूही याच वाटेनं जातो. आणि दोन्ही संबंधातूनही जातात.”

“कावीळ तर पाण्यानं हुती न्हवं?”

“एक पाण्यानं होते. एक रक्तानं.”

“आन् स्पिरिटचा बोळा फिरवला तर?”

समाधाननं हातातलं काम थांबवलं. “कोण फिरवतं?” त्यानं विचारलं.

 झुंबर बाभळीखालच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होती. पहिली आपण, डोळे पांढरे. दुसरी चतुराबाई, पांढरे. तिसरी, पांढरे. चौथी दगडे, पिवळी. पाचवी सिंधुबाई. सहावी, सातवी. चौथीच्या पुढं उभ्या असलेल्या तिघींना काही नाही, चौथीच्या मागं उभ्या असलेल्या तिघींना सगळं. असा सरळ हिशेब तिला आयुष्यात कुणी मांडून दाखवला नव्हता आणि तो दर गुरुवारी तिच्या पाठीमागं उभा होता. मानानं उभी ऱ्हा, असं तीच म्हणाली होती. एसटी तर गेलीच होती.

मग ती सातवीच्याही मागं गेली, मनातल्या मनात. सातवीनंतर कुंडलिक काय करतो? सिरिंजमधे पाणी ओढून पिचकारी मारतो. डबी बंद करतो. हॉटेलात जातो. तिथं गल्ल्याशेजारी आप्पासाहेब बाही वर करून बसलेले असतात. त्यांना दर गुरुवारी लाल सुई लागते, शक्तीची. पांढऱ्या सुया मागं, लाल सुई पुढं. सिरिंज तीच.

आठवं गिऱ्हाईक कोण, हे कळल्यावर झुंबरला हसू आलं. सिंधुबाई गेल्यापासून ती हसली नव्हती, म्हणून बायांना वाटलं, अक्काला वारं लागलं.

पुढच्या गुरुवारी लुना आली. खुर्ची मांडली, डबी उघडली. झुंबर पुढं आली, पण पदर दंडावरच ठेवला.

“झुंबरबाई, दंड.”

“न्हाय घ्यायची.”

“काय न्हाय घ्यायचं?”

“सुई. मी बी न्हाय आन् ह्या बी न्हाय. घ्यायची आसंल तर परत्येकीला नवी.”

कुंडलिकनं चष्म्यावरून बघितलं. “तुमी मला शिकवणार? मी बारामतीला सात वर्षं प्रॅक्टिस केलीया.”

“फरशी पुसायला बी सात वर्षं लागत्यात काय हो?” चतुराबाई मागून म्हणाली.

कुंडलिकनं डबीचं झाकण आपटलं. “सही न्हाय मिळणार. एकीला बी न्हाय.” आणि तो आप्पासाहेबांना हाक मारत हॉटेलात गेला.

आप्पासाहेब आले ते हातात उसाच्या रसाचा उंच पेला घेऊनच. दहा दिवस झाले त्यांना जेवण जात नव्हतं, वास सहन होत नव्हता, रस तेवढा जायचा. मागोमाग चार-पाच ट्रकवाले दात कोरत आले. हॉटेलात बसून ऐकण्यापेक्षा हे बरं होतं.

“म्हंजे कसं, झुंबर,” आप्पासाहेब म्हणाले, “तुला चांगलं बगवंना झालंय का? सुई घिऊन टाक. न्हायतर रविवारपत्तुर खोली मोकळी कर. मी दुसरी बगतो.”

झुंबरच्या मागं सहा बाया उभ्या होत्या. खोली गेली तर जायचं कुठं, याचं उत्तर सातींपैकी एकीकडंही नव्हतं, झुंबरकडं तर सर्वांत कमी. या वयात दुसऱ्या हॉटेलवाल्यानं तिला भांडी घासायलाही ठेवलं नसतं. ते तिला माहीत होतं. तरी ती कुंडलिककडं वळली.

“बरं. घेते. पर डाक्टर, एक करा. ही दगडाबाई. हिला आदी टोचा. मग तीच सुई, बोळा फिरवून, तुमी सोताला टोचून घ्या. मग मला.”

कुंडलिकनं घसा खाकरला. “मला काय गरज? मी निरोगी हाय.”

“आमी बी निरोगीच की. कार्डावर तुमीच लिव्हलंय.”

“तसं न्हवं. मेडिकल सायन्सप्रमाणं डॉक्टरनं…”

“सुईनं आजार जातोय म्हणता. निरोग्याला तर त्या सुईचं भ्याच न्हाय. का हाय?”

ट्रकवाल्यांतला एकजण म्हणाला, “घ्या की डाक्टर, येवढं काय.” दुसरा म्हणाला, “मोनालीची सुई, नशीब लागतंय.” ते हसले. दगडाबाई पुढं झाली, दंड उघडा केला आणि नटीसारखी मान वेळावली. कुंडलिकनं सुई हातात घेतली. मग खाली ठेवली. परत घेतली. शर्टाची बाही त्यानं कोपरापर्यंत वर केली आणि तिथंच थांबला. हातातली सुई काही दंडाकडं जाईना. सगळ्यांनी ते बघितलं. हसणारे हसायचे थांबले. जो ट्रकवाला सर्वांत मोठ्यानं हसत होता त्यानं खिशातलं काहीतरी चाचपलं आणि हॉटेलाकडं बघितलं.

“नाटकं बास,” आप्पासाहेब म्हणाले.

“आप्पासाहेब,” झुंबर म्हणाली, “जरा उजेडाकडं तोंड करा.”

“का?”

“करा तर.”

माणसं तोंड कर म्हटलं की करतात. आप्पासाहेबांनी केलं. श्रावणातलं ऊन तिरपं पडत होतं. चतुराबाईच्या तोंडून “आगं बया” निघालं.

“दगडाबाई चौथी,” झुंबर बोटांवर मोजत सांगायला लागली, अगदी आप्पासाहेबांच्या चालीवर. “म्हंजे कसं, तिच्यामागं सिंधुबाई, ती गेली. तिच्यामागं ह्या दोघी, त्या पिवळ्या पडल्या. ह्यांच्यामागं डाक्टर डबी घिऊन हाटेलात जात्यात. तितं बाही वर करून कोण बसतंय?”

आप्पासाहेबांनी पेला खाली ठेवायला जागा शोधली, ती सापडली नाही. त्यांनी कुंडलिककडं बघितलं. “सुई येगळी असती न्हवं माझी?”

“औषध वेगळं असतंय, आप्पासाहेब,” कुंडलिक म्हणाला.

त्या दिवशी त्यानं उच्चारलेलं ते एकमेव खरं वाक्य. आप्पासाहेबांनी पेल्यातला रस त्याच्या अंगावर फेकला. आपल्याकडं माणूस बाई मेली तर नशीब म्हणतो आणि स्वतःचा डोळा पिवळा झाला की मग न्याय मागतो.

लुना परत आली नाही. कुंडलिक आता नीरा नदीच्या पलीकडं फिरतो असं ऐकलं, तिथं त्याचा घसा अजून नवा आहे. आप्पासाहेब पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडं महिनाभर राहून आले. विचारणाऱ्यांना त्यांनी ‘उन्हाची कावीळ’ सांगितली. हॉटेलवाला असल्यामुळं पाण्याला दोष देता येईना, म्हणून श्रावणात ऊन लागलं. दिवाळीनंतर समाजमंदिरात आरोग्य मेळावा झाला. त्यात आप्पासाहेबांना शाल मिळाली, कारण ‘स्वतःच्या जागेतील महिलांसाठी जुन्या सुयांचा वापर त्यांनी स्वयंस्फूर्तीने बंद केला’. आप्पासाहेब माइकपुढं उभे राहिले आणि म्हणाले, “म्हंजे कसं, आपण समाजाचं देणं लागतो.” टाळ्या पडल्या. मागल्यांना आमंत्रण नव्हतं. दगडाबाई भिंतीबाहेर उभी राहून ऐकून आली आणि खोलीत येऊन शालीसकट सगळं करून दाखवलं. शालीच्या जागी तिनं चादर घेतली होती. चादर जास्त शोभली.

खोल्या राहिल्या. कार्डं बंद झाली. झुंबर आपला तपासणीचा कागद आणायला बारामतीला गेली.

डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं. समाधान कोपऱ्यात उभा होता. डॉक्टरीणबाई हळू बोलत होत्या, लहान मुलाला सांगावं तसं. कावीळ नाही. दुसरा आहे. ज्याची भिंत रंगवली होती तो. लगेच काही होत नाही, वर्षं जातात. खाणंपिणं सांभाळायचं, खोकला झाला तर यायचं. नाव कुणालाही कळणार नाही. आणि निरोधाशिवाय कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही, एकदाही नाही. यावर औषध आहे का, असं झुंबरनं विचारलं. बाई म्हणाल्या, बाहेरच्या देशात काही निघाली आहेत, आपल्यापर्यंत यायची आहेत. झुंबरची भुवई वर गेली. यावेळी ती लवकर खाली आली नाही.

“पयल्या नंबराला हुते म्हणून सुईनं सोडलं,” ती म्हणाली. “कार्डानं न्हाय सोडलं.”

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. समाधाननं मान खाली घातली. मग तो तिच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत आला. वाटेत त्यानं कन्हेरीत तिचं कुणी आहे का, असं विचारलं. “न्हाय,” झुंबर म्हणाली. “तिथं एक भजनी मंडळ हाय.”

संध्याकाळी चारच्या सुमाराला ती खोलीवर पोचली. तासाभरानं एक ओळखीचा ड्रायव्हर आला, सोलापूरकडचा, बायकापोरांचा फोटो पुढच्या काचेला लावून फिरणारा. त्यानं चप्पल काढली आणि सवयीनं हात पुढं केला.

“कार्ड?”

“बंद झालं.”

“मग कसं कळायचं?”

“न्हाय कळायचं.” झुंबरनं फळीवरची डबी काढली आणि निरोधाची पट्टी त्याच्या हातावर ठेवली. “ह्ये आसंल तर बस. नसंल तर रस्ता तिकडं हाय.”

ड्रायव्हर पट्टीकडं बघत राहिला. त्याला राग आला होता, पण बाहेर दुसऱ्या खोल्यांवरही आता हेच उत्तर मिळत होतं, हे त्याला चतुराबाईनं आधीच ऐकवलं होतं.

“एवढी वर्षं झाली,” तो म्हणाला, “कदी नव्हतं लागलं तुला. आता म्हातारपणी लई जपाया लागलीस सोताला.”

झुंबरनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या ट्रकच्या काचेला तीन पोरं होती, दोन थोरल्या आणि एक बारका, सगळ्यांच्या कपाळाला गंध.

“व्हय,” ती म्हणाली. “सोतालाच जपते. बसायचंय का जायचंय?”